काकूंचा पाय

आई,

मी शेजारच्या काकूंना घेऊन दवाखान्यात गेलेय. त्यांचा पाय टम्म सुजलाय आणि अंगात तापही आहे. त्यांची किल्ली आपल्या खुंटीवर आहे, मांजराला तेवढं दूध घाल. भाजी चिरून ठेवलीय, फोडणीला टाकायची राहिली.

घोट्याजवळची ती जखम काकूंनी मला गेल्या आठवड्यातच दाखवली होती, माझी मेडिकलच्या प्रवेशाची मुलाखत झाली त्याच संध्याकाळी. तू अख्ख्या जिन्याला "आमची डॉक्टरीणबाई" सांगून ठेवलंयस, म्हणून त्या आधी आपल्याकडे आल्या. तुझ्यावर ढकलत नाहीये. मलाच तो मान आवडला. मी चष्मा सारखा केला, जखम दाबून पाहिली आणि म्हणाले, "काही नाही काकू, मलम लावा, भरेल आपोआप." मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

आणि त्याच दिवशी सकाळी मुलाखतीत त्यांनी नेमकं हेच विचारलं होतं, एखादी गोष्ट माहीत नसेल तर काय कराल? "माहीत नाही असं सरळ सांगेन," मी फाडकन म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

कॉलेजचा फोन आज यायचाय. मोबाइल मुद्दाम घरी ठेवलाय, तूच घे. निवड झाली म्हणाले तर इतक्यात कुणाला सांगू नकोस, काकूंना तर नाहीच. आत्ता त्यांना आपल्या दारापर्यंत आणलं तेव्हा माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "तू बरोबर आहेस ना, मग मला कसला घोर."