शेवटची गाठ

ती. आप्पा,

पायांवर डोकं ठेवतो. उजव्या हातात पेला धरता येतो का आता?

इथे समुद्रातल्या माशांसाठी आम्ही गळावर पांढरी पिसं दोऱ्याने बांधून खोटी मासोळी करतो. मालक म्हणाले, "शेवटची गाठ मारू नका, नुसता गोंद लावा."

मी भर कारखान्यात उभा राहिलो. "खाऱ्या पाण्यात हा गोंद सुटतो! घेणाऱ्याला आपण उघड फसवतोय!"

"झालं भाषण? आता खोकी भरा."

महिनाभर खोकीच भरतोय. पगार तोच आहे, काळजी नको. आईला बढती म्हणून सांगा.

ती गाठ तुम्ही शिकवलेली. तुमचा हात लुळा पडला, माझं पिसं बांधायचं टेबल गेलं. आता आपल्या घरात ती कोण मारणार, आप्पा?

तुमचाच,
बडबड्या