पेवाच्या तोंडाशी

माळवस्ती, तलवाड्याजवळ
चैत्र, फसली १३२८

प्रिय शहादेव,

धुळाजी जालन्याहून आला, तेव्हा तू जिनिंगच्या कामावर बरा आहेस हे कळलं. तो परत निघाला आहे, त्याच्या हाती हे पत्र देते. तोंडी काही सांगू नकोस, असं त्याला बजावलं आहे. इकडे गोदावरीच्या वाळूत झिरे खणून पाणी भरतो. गेल्या सालच्या तापानं अर्धी वस्ती नेली, उरलेल्यांच्या अंगावर मांस नाही. आबांची घोंगडी मी धुऊन ठेवली. तिचा तंबाखूचा वास काही जात नाही.

बायनाबाईंनी ही वस्ती वसवली तेव्हा तू पाळण्यात होतास. सगळ्यांचं धान्य जमिनीखालच्या सामाईक पेवांत, सगळ्यांची चूल एक, दाराशी आलेल्याला जात विचारायची नाही, रांधणारीनं शेवटी जेवायचं. आम्हा बायकांना अक्षरं त्यांनीच शिकवली. आणि पेव उघडलं की सगळ्यांनी त्याच्या तोंडाशी बसून त्यांचं ते लांबलचक भजन अखेरपर्यंत म्हणायचं, मगच माणूस आत उतरायचा. तू कंटाळायचास. "पेवाला काय ऐकू येतंय का, आबा?" म्हणायचास. "पेवाला न्हाई बे, तुला ऐकू यावं म्हणून म्हणतो," असं म्हणत आबा तुझ्या हाती टाळ द्यायचे. त्यावरूनच पुढं तुमचं वाजलं आणि तू गेलास.

होळीनंतर पाली गावाकडची माणसं आली, बायकापोरांसह. आपल्याकडे शेवटचं पेव उरलं होतं. द्यावं की नाही, हा प्रश्नच नव्हता. ते बायनाबाईंनी कधीच ठरवून ठेवलं होतं. पेवाचं तोंड मोकळं केलं, आबांनी पहिली ओळ धरली. तेवढ्यात आलेल्यांतला एकजण ओरडला, "पोटात आग पडलीय न् हे टाळ कुटतेत! आमी मेल्यावर जेवू घालता का?" त्याच्या बायकोच्या मांडीवरचं लेकरू रडतही नव्हतं. आबांनी टाळ खाली ठेवले. "देव वाट बघंल," ते म्हणाले, "हे लेकरू न्हाई बघणार." आणि दोर कमरेला बांधून ते उतरले.

बंद पेवात दम कोंडतो, त्या कोंदट हवेनं माणूस मरतो, हे आपल्या भागात कोण जाणत नाही? इतर गावांत पेव उघडून वेळ जाऊ देतात. आपल्याकडे तो वेळ भजनात जायचा, म्हणून वेगळं थांबायचं असतं याचा विसरच पडला. खालून आबांचा आवाज आला नाही. दोर ओढला, पण गाठ सुटून तो मोकळाच वर आला. वस्तीतला म्हाळू त्यांच्यामागं उडी घेणार, तोच मी त्याचे पाय धरले. तो मला शिव्या देत होता, रडत होता. मी सोडले नाहीत. दम निवल्यावर आबांना वर काढलं. त्यांच्या मुठीत जोंधळा होता.

त्या दिवसापासून पेवावर दगड आहे. आत जोंधळा आहे आणि बाहेर माणसं उपाशी आहेत. कुणी म्हणतं पेव बाटलं, बुजवून टाका. चार घरं वस्ती सोडून गेली. नुसतं थांबून उतरू, असं मी म्हणून पाहिलं. पण भुकेल्या माणसाला नुसतं थांबवत नाही, शहादेव. दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा लगेच ढकलाढकली झाली, म्हाळूनं दगड परत लोटला. गाणं असलं तरच माणसं बसतात. बायनाबाई गेल्यावर ते अखेरपर्यंत फक्त आबांना येत होतं आणि त्यांनी ते तुला शिकवलं. बाकी आम्हा सगळ्यांना फक्त त्यांच्यामागं म्हणता येतं. आबांसाठी येऊ नकोस, त्यांचं सगळं झालं. टाळ मी पुसून ठेवले आहेत. तू पेवाच्या तोंडाशी बसून म्हण, एकही कडवं गाळू नकोस. खाली मी उतरेन.

तुझीच,
माय