बेस की टॉप?

३ मार्च, सोमवार

गाडी बघून आलो. दोन दारं, दोन सीटा, वर कापडी टप. लालच घ्यायची हे अठराव्या वर्षीच ठरलं होतं, त्यामुळे रंगाचा प्रश्न नव्हता. पण शोरूमचा माणूस विचारतो कसा — “बेस दाखवू की टॉप, सर?” मला वाटलं होतं, गाडी म्हणजे गाडी!

बेस म्हणजे साधी. गिअर हाताने टाका, टप हाताने उघडा, सीट कापडाची. टॉप म्हणजे बटण दाबा आणि गप्प बसा. चामड्याच्या सीटा — गरम होतात, गार होतात, कमरेला आधारसुद्धा देतात. इंजिन दोन्हींत तेच. विचार करून सांगतो म्हणालो. आयुष्यभर दुसरं केलंय काय!

४ मार्च, मंगळवार

ताईकडे जेवायला. भावोजींचं मत टॉप. घ्यायचीच तर पुरती घे, म्हणे, नाहीतर मग सायकल काय वाईट आहे? ताईने वाढता वाढता विचारलं, दुसऱ्या सीटवर बसणार कोण? मी म्हटलं, पिशव्या. ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला सगळं कळतं, हा तिचा मोठा दुर्गुण.

इथे तरी खरं लिहावं. दुसऱ्या सीटवर समोरच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरबाई बसाव्यात असं मला वाटतं. फार वाटतं. त्या मापं पाठवतात, मी माझ्या लॅबमध्ये दात बनवतो, रस्ता ओलांडून नेऊन देतो. त्याही एकट्या, घटस्फोटाला आता जमाना झाला. मी तर पहिल्यापासूनच एकटा. आणि इतक्या वर्षांत आमचं बोलणं सुळे-दाढांच्या पुढे गेलेलं नाही! फिरायला येता का, एवढंच विचारायचंय. गाडी आली की विचारीन.

७ मार्च, शुक्रवार

टॉप! ठरलं, नोंदवून आलो. डॉक्टरबाई दिवसभर लोकांच्या तोंडावर वाकलेल्या असतात, संध्याकाळी कंबर धरून दारात उभ्या दिसतात. टॉपच्या दुसऱ्या सीटला कमरेचा आधार आहे, बेसला नाही. विषय संपला. शोरूमच्या माणसाला मी माझीच पाठ दुखते असं सांगितलं. त्याने लगेच त्याच्या काकांची पाठ कशी बरी झाली ते साग्रसंगीत ऐकवलं.

१० मार्च, सोमवार

पुढचे चार दात द्यायला गेलो होतो. धीर केला. मोबाइलवर दोन्ही गाड्यांचे फोटो पुढे धरले — डावीकडे बेस, उजवीकडे टॉप, फरक काय, सगळं समजावलं. त्यांच्या तोंडावर मास्क, दोन्ही हात एका आजोबांच्या तोंडात. मान वळवून बघितलं आणि म्हणाल्या, “बेस.” आजोबाही काहीतरी म्हणाले, पण ते ‘आँ’च्या पलीकडे कळलं नाही.

बेस! म्हणजे त्यांना साधी आवडली! रस्ता ओलांडायच्या आत शोरूमला फोन केला. टॉप रद्द, बेस लिहा. बिचाऱ्याचा आवाजच पडला.

११ मार्च, मंगळवार

भावोजी बोलत नाहीत.

१९ मार्च, बुधवार

शेण खाल्लं.

दवाखान्यात गेलो आणि ऐटीत सांगितलं — तुम्ही म्हणालात म्हणून बेसच घेतली. त्या गोंधळल्या. मी कधी म्हणाले? मी आजोबांचा प्रसंग सांगितला. मग त्यांनी मास्क खाली ओढला आणि अशा हसत सुटल्या की डोळ्यांतून पाणी! “अहो, बेस म्हणजे छान! दोन्ही छान आहेत असं म्हणत होते मी!”

कवळी चपखल बसली की बाई ‘बेस’ म्हणतात. दर वेळी म्हणतात. मी कौतुकाने ऐकतो. आणि नेमकं तेव्हाच माझं डोकं चरायला गेलं होतं!

इथवर ठीक होतं. हसून निघून यायचं ना! पण माझी जीभ! “टॉपला तुमच्या कमरेसाठी आधार होता हो,” म्हणून गेलो. हसणं थांबलं. “माझ्या कमरेसाठी?” मी खुर्चीवरच्या दिव्याकडे बघत राहिलो. तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला, म्हणून वाचलो. दात न्यायचा डबा तिथेच विसरून आलो. विचारायच्या आधीच सगळं उघडं पडलं. आता त्या कुठल्या येताहेत? वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू.

२० मार्च, गुरुवार

दात कुरिअरने पाठवले. समोरच्या दवाखान्यात! कुरिअरवाल्याने दोनदा पत्ता वाचला, मग माझ्याकडे बघितलं.

२५ मार्च, मंगळवार

त्यांचा फोन. एका बाईंचा दात जरा पिवळसर हवा, शेजारच्या दातांना शोभेलसा. करतो म्हटलं. मग त्यांनीच विचारलं — गाडी कधी येतेय? शनिवारी. “बरं,” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बरं म्हणजे काय? नको. त्यांच्या शब्दांचे अर्थ लावणं मी सोडलंय.

२९ मार्च, शनिवार

गाडी लॅबच्या दारात लावून नुसताच आत बसलो होतो. विचारायला जायचं धैर्य होईना. तेवढ्यात ती दवाखाना बंद करून रस्ता ओलांडून आली. गाडीभोवती एक फेरी मारली, माझ्या बाजूचं दार उघडलं.

“सरक. तू तिकडे बस, मी चालवते.”

तू म्हणाली. मला! फिरून आलो, पण गाडी कशी आहे, ते अजून बघितलेलंच नाही.