समोरच्या फुटपाथवरचे दोघे

३ मार्च

सकाळी दुकान उघडायच्या आधी पुन्हा धाकट्या भावाबरोबर, छोट्याबरोबर, त्या फुटपाथवर जाऊन उभा राहिलो. समोर माडीवर त्याच्या बायकोची, माझ्या भावजयीची खोली. आमचं घर सोडल्यापासून ती तिथेच राहते. छोट्या नुसता खिडकीकडे बघत असतो. मी शेजारी उभा राहून देवाचं नाव घेतो – मनात म्हणतो, पण ओठ हलतातच. तिला शांतता लाभो, याला बुद्धी येवो. मी जवळ असलो की तो हात आवरतो. मागे एकटा गेला, तेव्हा तिच्या दाराची कडी उखडून आला होता!

४ मार्च

ती आज कामाला खाली उतरलीच नाही. पडदाही हलला नाही.

९ मार्च

कोर्टाचा माणूस दुकानात आला. मी एका सायकलचं पंक्चर काढत होतो. हात पुसून कागद घेतला. वाटलं, छोट्यासाठी असणार. तर त्यात माझंही नाव! भावजयीने संरक्षणाचा आदेश मागितला आहे – आम्हा दोघांपासून. छोट्याबद्दल जे लिहिलंय त्यात खोटं काही नाही. माझ्याबद्दल एवढंच – ‘थोरले दीर सोबत उभे राहून माझ्या खिडकीकडे बघत काहीतरी पुटपुटतात. मला त्यांची जास्त भीती वाटते.’

पुटपुटतात!

घरी हिला वाचून दाखवलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “देवाला हाक मारायला तुम्हाला तिचीच खिडकी सापडली?”

 

१० मार्च

राहवलं नाही, म्हणून गेलो. एकटाच. बाई, मी तुझ्यासाठीच उभा राहत होतो – एवढंच सांगायचं होतं. तिने दार उघडलं नाही. आतूनच बोलली. 

“भाऊजी, तुम्ही वाईट नाही. तीच तर पंचाईत आहे! तुम्ही माफी मागायला येता, मी कडी काढते, आणि तुमच्या मागून तो आत शिरतो. दोनदा झालंय हे.”

“आज मी एकटाच आलोय गं.”

“मागे बघा.”

जिन्याच्या खालच्या पायरीवर छोट्या उभा होता. कधी मागे लागला, मला पत्ता नाही.

१४ मार्च

रात्री जेवताना छोट्या म्हणाला, “दादा, कोर्टात एवढंच सांग. फुटपाथवर तू रोज सोबत होतास आणि मी तिच्याशी एक शब्दही बोललो नाही. खोटं बोल म्हणतोय का मी?”

नाही. अक्षर न् अक्षर खरं आहे. म्हणूनच ताट बाजूला सारलं.

“माझं असं तुझ्याशिवाय कोण आहे?” म्हणाला. आई गेली तेव्हा हा एवढासा होता. याला न्हाऊ घातलं, कडेवर घेऊन शाळेत सोडलं. रडला की हातात जे असेल ते देऊन टाकायचो. ‘नाही’ ऐकायला तेवढं याला शिकवलं नाही. ना स्वतःला म्हणायला.

देवापुढे बसलो. नाव ओठांवर येईना.

१६ मार्च

सुनावणीआधी तिच्या वकीलबाईंनी बाजूला घेतलं. “तुमचं नाव वगळायला ती तयार आहे. तुम्ही मोकळे.”

म्हटलं, “नको बाई. राहू द्या.”

त्या म्हणाल्या, “अहो, तुम्हालाही तिच्या दाराशी जाता येणार नाही!”

“तेच हवंय. मोकळा राहिलो तर हा रडेल, ‘दादा, एवढा निरोप दे’ म्हणेल आणि मी जाईन. माझे पाय मला माहीत आहेत.”

मग आत बोलावलं.

१७ मार्च

काल पुढचं लिहवलं नाही. सगळं सांगितलं – मी असताना तो गप्प होता तेही, आणि मी नसताना काय करून आला तेही. आदेश झाला. छोट्यावर. आणि मी स्वतः मागून घेतला म्हणून, माझ्यावरही.