रुग्णालयाजवळ गाडी थांबवू देण्याबाबत

प्रति,
मा. वाहनतळ अधिकारी,
शहर वाहतूक कार्यालय, दुसरा मजला,
बंदर रस्ता.

विषय : येत्या गुरुवारी रुग्णालयाजवळ गाडी उभी करण्यास जागा मिळणेबाबत, ते शक्य नसल्यास गाडी जप्त होणेबाबत.

संदर्भ : १) माझा पोस्टाने पाठवलेला अर्ज.
२) तो परत पाठवताना आपल्या कार्यालयाने त्यावर मारलेला शिक्का : 'अर्जदाराने वाहनासह समक्ष यावे.'

महोदय,

१. मी गाडी चालवायला शिकवणारा निवृत्त शिक्षक आहे. दोन गाड्यांच्या मध्ये उलटी गाडी कशी घालावी, हे या शहरातील निम्म्या लोकांना मी शिकवले. ते मन लावून शिकले, त्यामुळे आज मला जागा उरलेली नाही. याबाबत माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

२. माझ्या पत्नीस हृदयविकार आहे. समुद्राकाठच्या रुग्णालयात तिला दर गुरुवारी दाखवावे लागते. बसची पायरी तिला चढवत नाही आणि टॅक्सीवाले त्या रस्त्याचे नाव काढताच काच वर करतात. म्हणून मी तिला दाराशी उतरवतो आणि जागा शोधायला निघतो. धक्का, मासळीचे गोदाम, दीपगृह, पुन्हा रुग्णालय. ती तपासून घेऊन खाली येईपर्यंत मी फिरतच असतो. एकदा दीपगृहाच्या पलीकडे जागा मिळाली. तेथून बसने परत आलो, तर ती दाराशी पिशवी घेऊन उभी. मलाच म्हणाली, "एवढा उशीर? मला वाटलं, जागा मिळाली की काय."

३. रुग्णालयाशेजारच्या वाहनतळाचा मासिक पास मी नियमित काढतो. पासच्या मागे बारीक अक्षरात 'हा पास म्हणजे जागेची हमी नव्हे' असे छापले आहे. मग पैसे कशाचे, असे मी फाटकावरच्या शिट्टीवाल्यास विचारले. तो म्हणाला, "काका, ते आत येऊन बघायचे." त्याप्रमाणे मी दर गुरुवारी आत जाऊन बघतो आणि दुसऱ्या फाटकाने बाहेर पडतो. बाहेर पडताना यंत्र मला धन्यवाद देते.

४. आता मूळ मुद्दा. पत्नीस कमी ऐकू येते. डॉक्टर बोलतात, ती मान डोलावते. गाडीत बसल्यावर मी विचारतो, काय म्हणाले? "सगळं चांगलंय म्हणाले. चला, भूक लागलीय." तिला खरेच एवढे ऐकू आले, की ऐकू आलेले मला सांगायचे नाही, हे मला कळत नाही. हल्ली ती कपाटे आवरू लागली आहे. माझ्या गोळ्या कुठल्या डब्यात असतात, विजेचे बिल कुठे भरायचे, हे न विचारता सांगत बसते. मला भीती वाटते, महोदय.

५. मागच्या गुरुवारी केसपेपरवर लिहून आले : 'पुढील वेळी निर्णय घ्यावयाचा आहे. नातेवाइकाने वर यावे.' त्याच कागदावर 'रुग्णाबरोबर कोण आहे' या रकान्यात पहिल्या दिवसापासून एकच नोंद आहे : 'कोणी नाही.' मी एकही गुरुवार चुकवलेला नाही, आणि कागदोपत्री तिला कोणी नाही. ते वाचून मी गाडी बाजूला घेऊन रडलो असतो, परंतु बाजूला जागा नव्हती.

६. लावू नये तिथे गाडी लावा आणि सरळ वर जा, असे आमचे चिरंजीव फोनवर सांगतात. जन्मभर जे करू नका म्हणून शिष्यांवर ओरडलो, ते माझ्या हातून होत नाही. शिवाय त्या रस्त्याने रुग्णवाहिका येतात आणि त्यातही कोणाची तरी बायको असते. सबब विनंती की, गुरुवारी आपणच माझी गाडी रीतसर जप्त करावी. जप्त गाड्यांच्या आवारात जागा असते, असे समजते. दंड आगाऊ भरण्यास मी गेलो होतो. खिडकीवरील बाईंनी आधी गुन्हा करून या, असे सांगितले. ही अट माझ्यापुरती शिथिल करावी. तेही नियमात बसत नसेल, तर डॉक्टरांना वरच्या खिडकीत उभे राहून मोठ्याने निर्णय सांगण्याची परवानगी द्यावी. मी खालून गाडी हळू नेईन. माझे कान शाबूत आहेत.

७. यातले काही मंजूर होईल, असे मला वाटत नाही. तरी आपल्या शिक्क्याप्रमाणे मी वाहनासह आलो आहे. मात्र आपल्या कार्यालयासमोरही 'येथे गाडी उभी करू नये' अशी पाटी आहे. त्यामुळे हा अर्ज पत्नी घेऊन येत आहे. जिन्यात तिला बसत बसत चढावे लागेल. मी नको म्हणत होतो. ती म्हणाली, "तुम्ही फिरा. मी देऊन येते." आपण खिडकीतून खाली पाहिल्यास फिकट निळी, टपावरची शिकाऊ पाटी काढल्याच्या खुणा असलेली एक गाडी फेऱ्या घालताना दिसेल. वाहनाची पाहणी तिथूनच करून घ्यावी.

८. पत्नीस कृपया खुर्ची द्यावी. पोचपावतीवर कोण आले ते लिहायचे असल्यास 'पतीसह' असे लिहावे. आणि अर्ज नामंजूर असेल तर तिला ते मोठ्याने, दोनदा सांगावे. हळू सांगितल्यास ती मान डोलावेल, खाली येऊन गाडीत बसेल, आणि सगळं चांगलंय म्हणाले, असे मला सांगेल.

आपल्या खिडकीखालून जात असलेला,
आपला नम्र अर्जदार

(सही सिग्नलवर केल्यामुळे वाकडी आली आहे.)

दिनांक : ११ मार्च

जोडपत्रे :
१) मासिक पासची प्रत, दोन्ही बाजू.
२) केसपेपरची प्रत. मूळ कागद पत्नीच्या पिशवीत आहे. तो ती कोणाला देत नाही.