पन्हाळीतले मासे

४ मार्च १९७४
"ढीवर भावांनो, कारखान्यानं तुमच्या तळ्यात विष सोडलं!" बेसा गावाच्या पुढच्या तळ्यावर, मासेमारांच्या सभेत, आज भाषणाची अशी सुरुवात केली. टाळ्या थांबेनात. पुरावा कोणी मागितला नाही. उतरताना सोमाजी ढीवरानं वाट अडवली. "सर, पोरं रोज हेच मासे खाऊन राहिले. चारू का नको, तेवढं सांगा." "थोडे जिवंत मासे कॉलेजात आणून दे, तपासून सांगतो," म्हणालो.

६ मार्च
सोमाजी सायकलवर डबा बांधून कॉलेजात आला. बोटाएवढे मासे, जिवंत. पत्र्याच्या पन्हाळीत पाणी वाहतं केलं, त्यात सोडले. लगेच मागे वाहत गेले, उलटे पडले. विषच.
एक कापला. कातडीखाली बाजूनं लाल स्नायूची बारीक पट्टी. बाकी पांढरा, द्रोणात द्रोण बसवावा तसा. लाल दिवसभर पोहवतो. पांढरा फक्त जीव वाचवून पळण्यापुरता. झटक्यात थकतो, सावरायला वेळ घेतो. वर्षानुवर्षं शिकवतोय हे.
शेजारच्या टेबलावरची सहकारी कुसुम म्हणाली, "बेसाहून हिंदकळत आलेत. घाबरून थकलेत ते. आपल्या हौदातले असेच फिरवून बघा की, वक्ते."

७ मार्च
कॉलेजच्या हौदातले डब्यात घातले, सायकलनं पार जरीपटका वस्तीपर्यंत नेऊन आणले. पन्हाळीत तेही उलटे.
मग काल काय पाहिलं मी? आणि तळ्यावर कशाच्या जोरावर...
दोन्हीकडचे उरलेले मासे घमेल्यांत सोडून फडक्यानं झाकले. कोणी हात लावायचा नाही.

८ मार्च
विश्रांतीनंतर हौदातले धारेत स्थिर. तळ्यातले, पन्हाळीवर बोट आपटलं की झेपावतात. म्हणजे पांढरा शाबूत. पण संथ धारेत थोडं टिकतात आणि मागे सरकतात. लाल गेला? की कल्ले? की नुसती उपासमार? एवढ्यावरून सांगता येत नाही.
विष म्हणावं तर चुली विझतात. नाही म्हणावं, तर ती पोरं.
कुसुम: "मग उद्या तळ्यावरच्या सभेत गप्प बसणार? तुम्ही?" ती हसली. मला हसू आलं नाही.

९ मार्च
संध्याकाळी सभा. भाषण एवढंच लिहून झालंय:
भावांनो, त्या दिवशी मी विष म्हणालो. ते आहे की नाही, मला अजून ठाऊक नाही. मासे तुमचे बरे नाहीत, एवढं पाहिलं. मला भीती वाटते.
इथं सोमाजी उठेल. "मंग पोरायले काय चारू, सर?" त्याला उत्तर लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, खोडलं.
शेवटचं वाक्य मात्र ठेवतोय:
आज या तळ्यातला मासा चुलीवर चढवू नका.