पोटवाला

१८ ऑक्टोबर
अर्धी बादली खारं पाणी चटईवर! पुसता पुसता कंबरडं मोडलं. टाकी एकदाची बसली, ओट्याच्या टोकाला. मोठ्या कुकरएवढीच आहे. मी चांगली ऐसपैस आणणार होतो, तर सरकार दवाखान्याच्या खाटेवरून फोनवर कडाडल्या, "मोठ्या टाकीत खाणं विखुरतं. नखाएवढे जीव ते, उपाशी मरतील!"

सरकार म्हणजे बायको. सातवा नुकताच लागलाय. डॉक्टरांनी दाखल करून घेतलं — बाळंत होईपर्यंत अंथरुणातून उठायचं नाही, जिवाला घोर लावून घ्यायचा नाही. बुटके समुद्रघोडे तिने त्याआधीच मागवून ठेवलेत. "त्यांच्यात पोट बापाला येतं. शिक काहीतरी," म्हणाली. मी हसलो. घरी आल्यावर मात्र घर खायला उठलं.

२९ ऑक्टोबर
सासूबाई मदतीला आल्या. सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरात गेली, आता निवृत्त नर्स. आल्या आल्या चमचे उकळले. माझी दाढीची कात्रीही उकळली. मग टाकीतल्या फिल्टरच्या स्पंजकडे बोट — "जावईबापू, ही काय घाण?"

म्हटलं, आई, त्या तपकिरी चिकट्यात चांगले जंतू असतात. माशांच्या घाणीचं पाण्यात विष होतं, ते हे खातात. घोडे येईपर्यंत ते वाढवायचेत, त्याला हात लावायचा नाही. "चांगले जंतू!" म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

५ नोव्हेंबर
सरकारचं रक्त तपासलं — ठीक. टाकीचं पाणी तपासलं — ठीक. मी मात्र ठीक नाही.

२० नोव्हेंबर
आले! चार. पिशवीत शोधावे लागले, इतके लहान. एकाचं पोट टच्च फुगलेलं. तो नर! फोटो पाठवला तर सरकारने लगेच बारसं केलं — पोटवाला.

पिशवीतल्या पाण्यात टाकीचं पाणी थेंब थेंब मिसळायचं होतं. मी चमच्याने घालायला गेलो, निम्मं ओट्यावर. सासूबाईंनी पर्समधून सलाईनची नळी काढली! (पर्समध्ये सलाईनची नळी कोण ठेवतं?) काय हात आहे बाईंचा! जरा हलत नाही. पोटवाल्याने त्या नळीलाच शेपटीचा विळखा घातला. सोडेना. सासूबाई हसल्या. मी त्यांना हसताना प्रथमच पाहिलं.

एक वेडेपणा लिहून ठेवतो. याचं नीट पार पडलं की आमचंही पडेल, असं मनाने घेतलंय.

२२ नोव्हेंबर
ऑफिसातून आलो. स्पंज पांढराशुभ्र.

"आता घरात जीव आले ना," सासूबाई म्हणाल्या. "नाजूक जीव, त्यात एक पोटुशी. औषध नाही घातलं हं, नुसता उकळला."

मी ओरडलो. सासूबाईंवर! काय काय बोललो ते इथेही लिहवत नाही. पाण्यात तपासणीचे थेंब टाकले तर रंग गर्द हिरवा — विष. दोघे तळाशी आडवे. पोटवाल्याला आणि उरलेल्या एका मादीला ताज्या खाऱ्या पाण्याच्या टबात हलवलं. सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

२३ नोव्हेंबर
आडवे दोघे गेले. सरकारचा फोन. "खातात का रे?" "अधाशासारखे. चौघंही मजेत."

२५ नोव्हेंबर
पोटवाला गेला. पोट तसंच भरलेलं.

सरकार — "पोटवाला काय करतोय?" मी — "काय करणार, शेपटीने नळी धरून बसलाय." माझा आवाज कसा शांत होता कोण जाणे. फोन ठेवला आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. मला भीती वाटते. कशाची, ते लिहिणार नाही.

२७ नोव्हेंबर
ऑफिसात फोन आला. ताबडतोब ऑपरेशन. सहीसाठी या.

सही केली, ती कुठे केली ते आठवत नाही. मुलगी! हातभरसुद्धा नाही. काचेच्या पेटीत ठेवलीय, अंगाला नळ्या. बायको गुंगीत. डॉक्टर म्हणाले, आजची रात्र जाऊ दे. नवजात विभागाच्या दाराशी सासूबाईंनी माझ्या बाह्या दुमडल्या आणि बोटांच्या बेचक्यांपासून कोपरापर्यंत दोन्ही हात घासले. लालबुंद होईपर्यंत. मी हात पुढे धरून ठेवले.

२८ नोव्हेंबर
रात्र गेली. पोरगी आहे.

सरकार जाग्या झाल्या. पहिलं वाक्य — "पोटवाला गेला ना?"

कोणी सांगितलं, मी विचारलं. "तो गेला त्याच दिवशी आईने सांगितलं. स्पंज मीच उकळला म्हणून फोनवर ढसाढसा रडली." मग मला रोज का विचारत होतीस? "मी विचारलं नसतं तर तुला कळलं असतं, मला कळलंय ते. मग तुझा धीर कोणी राखायचा?"

घरी टबातली मादी एकटी, पण खातेय. तिच्यासाठी बसवलेला नवा स्पंज पिवळट व्हायला लागलाय. सासूबाई त्याच्यासमोरून जाताना दोन्ही हात पाठीमागे बांधून जातात.

१ डिसेंबर
आज पेटीत हात घालू दिला. पोरीने माझं बोट धरलं. सोडेना! नर्स म्हणाली, पुरे आता, काढा हात. मागून सासूबाई — "राहू दे गं. तो हात मी धुतलाय."